सी. ए. रिपोर्ट कसा वाचावा : घटनास्थळापासून न्यायालयापर्यंत मुद्देमालाचा माग

फौजदारी खटल्यात सी. ए. रिपोर्ट, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, हाती आला, की फिर्यादीच्या घरचे लोक, आरोपीचे नातेवाईक आणि कित्येकदा नव्याने वकिली सुरू केलेले तरुणही थेट शेवटचा परिच्छेद काढतात आणि ‘रक्त मानवी आहे’, ‘डीएनए जुळतो’ किंवा ‘विष आढळले नाही’ असे एखादे वाक्य वाचून निकालाचा अंदाज बांधू लागतात. न्यायालय हा अहवाल त्या क्रमाने वाचत नाही. घटनास्थळी किंवा आरोपीकडे सापडलेली वस्तूच प्रयोगशाळेत तपासली गेली का, हे न्यायाधीशांना आधी पाहावे लागते. त्यानंतर तपासी अंमलदाराने प्रयोगशाळेला नेमके काय विचारले होते ते पाहावे लागते. आणि या दोन्ही बाबी पटल्या, तरच निष्कर्षातून आरोपीविरुद्ध काय सिद्ध होते या प्रश्नाला अर्थ उरतो.

पुढील मार्गदर्शन याच क्रमाने लिहिले आहे आणि महाराष्ट्रातील सत्र न्यायालयात चालणारा खटला डोळ्यांसमोर ठेवला आहे. कलमे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आणि भारतीय साक्ष अधिनियमाची दिली आहेत. त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास आणि खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच पुढे चालतात, त्यामुळे आपल्या कागदांवर जुनी कलमे दिसली तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

आधी कागद लावून घ्या

दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतर त्याच्या प्रती आरोपीला, तसेच वकिलामार्फत हजर झालेल्या पीडितालाही, विनामूल्य मिळतात आणि संहितेच्या कलम २३० प्रमाणे त्या आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत देणे अपेक्षित आहे. या गठ्ठ्यातून प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा, मृत्यू झाला असल्यास इन्क्वेस्ट (मृतदेहाच्या पाहणीचा) पंचनामा व शवविच्छेदन अहवाल, सर्व जप्ती पंचनामे, आरोपीच्या निवेदनावरून वस्तू काढून दिली असल्यास तो निवेदन पंचनामा, प्रयोगशाळेला मुद्देमाल पाठविताना दिलेले पत्र, प्रयोगशाळेची पोच, मुद्देमाल नेऊन पोचविणाऱ्या पोलीस शिपायाचा जबाब आणि शेवटी सी. ए. रिपोर्ट, एवढे कागद वेगळे काढावेत. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीचा उतारा बहुधा या गठ्ठ्यात नसतो. तो हवा असल्यास न्यायालयात अर्ज करून मागवावा लागतो आणि माझ्या मते वैज्ञानिक पुराव्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक खटल्यात तो मागवलाच पाहिजे.

आता एका कोऱ्या कागदावर प्रत्येक पाकिटाची स्वतंत्र ओळ आखावी. शर्ट असेल तर शर्टाची, कोयता असेल तर कोयत्याची, रक्ताच्या बाटलीची वेगळी. त्या ओळीत वस्तू कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी, कोणासमोर ताब्यात घेतली, तिला कोणती खूण दिली, ती कशात गुंडाळली, पंचांच्या सहीची चिठ्ठी आणि लाखेची मोहोर तेथेच लावली का, ठाण्यात मुद्देमाल कारकुनाकडे केव्हा जमा झाली, तेथून केव्हा बाहेर निघाली, कोणी नेली, आणि प्रयोगशाळेत केव्हा पोचली, हे सर्व त्या त्या कागदावरून भरत जावे. भरता न आलेली जागा तशीच रिकामी ठेवावी. खटल्यातील निम्मी उलटतपासणी त्या रिकाम्या जागांमधूनच उभी राहते, आणि फिर्यादीच्या बाजूने काम करणाऱ्यालाही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्यापूर्वी त्या भरून काढण्याची संधी तेथेच दिसते.

सी. ए. रिपोर्टच्या वरच्या भागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तेथे पोलीस ठाण्याच्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख, मुद्देमाल मिळाल्याची तारीख, आणणाऱ्या शिपायाचे नाव, पाकिटांची संख्या आणि मोहोरा शाबूत असून सोबत पाठविलेल्या नमुन्याशी जुळत असल्याबद्दलचे एक वाक्य असते. आपल्या तक्त्यातील शेवटचा रकाना या नोंदींशी ताडून पाहावा. जप्तीच्या वेळी पाच पाकिटे होती आणि प्रयोगशाळेत सहा पोचली, किंवा पंचनाम्यात निळी लुंगी आहे आणि अहवालात हिरवी, असा फरक आढळला तर तो क्षुल्लक समजून सोडू नये. लिहिणाऱ्याची साधी चूकही असू शकते, पण त्याचा खुलासा साक्षीतून यायला हवा. मोहोर उमटविल्यानंतर ती मोहोर कोणाकडे राहिली हेही विचारण्यासारखे असते, कारण मोहोर आणि मुद्देमाल दोन्ही एकाच अधिकाऱ्याच्या ताब्यात राहिले तर पाकीट उघडून पुन्हा बंद झाले नाही, असे ठामपणे म्हणता येत नाही.

घटनास्थळावर काय व्हायला हवे होते

सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, असे नव्या संहितेचे कलम १७६ (३) सांगते. ही तरतूद राज्याने पाच वर्षांच्या मुदतीत अधिसूचित करावयाची आहे. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठविण्याची सक्ती कलम १०५ मध्ये स्वतंत्रपणे आहे. म्हणून २०२४ नंतरच्या खटल्यात केवळ पंचनाम्याची प्रत घेऊन थांबू नये. चित्रीकरणाची प्रतही मागावी आणि पंचनाम्याच्या मजकुराशी ती मिनिटामिनिटाने ताडून पाहावी. पंच फितूर झाला तरी चित्रीकरण बोलते. तसेच पंचनाम्यात लिहिलेली गोष्ट चित्रीकरणात कोठेच दिसत नसेल, तर तीही गोष्ट बोलकी असते.

रक्ताने किंवा वीर्याने ओला झालेला कपडा सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात गुंडाळायचा असतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडला जातो, बुरशी व जिवाणू वाढतात आणि डीएनए नष्ट होत जातो. मृताचे आणि आरोपीचे कपडे एकाच गाठोड्यात बांधले गेले असतील, तर आरोपीच्या शर्टावर मृताचे रक्त मिळाल्याला फारसा अर्थ राहत नाही. जमिनीवरील रक्त घेताना रक्तमिश्रित मातीबरोबर थोड्या अंतरावरची साधी मातीही वेगळ्या पुडीत घेतली जाते. तपासणीत दिसलेली गोष्ट रक्तामुळे आली की मुळातच त्या मातीत होती, हे या साध्या मातीशी तुलना केल्यावरच सांगता येते. पंचनाम्यात साध्या मातीचा उल्लेख आहे का, एवढे पाहिले तरी तपास किती काळजीने झाला याची कल्पना येते.

प्रयोगशाळेला काय विचारले होते

महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. वादग्रस्त हस्ताक्षर किंवा बोटांचे ठसे मात्र सामान्यतः राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या दस्तऐवज परीक्षकांकडे आणि अंगुलिमुद्रा केंद्राकडे जातात. या सर्वांकडे मुद्देमाल जातो तो एका पत्रासोबत, आणि त्या पत्राच्या शेवटी तपासी अंमलदाराने विचारलेले प्रश्न असतात. प्रयोगशाळा त्या प्रश्नांचे उत्तर देते. संपूर्ण घटनेचा उलगडा करणे हे तिचे काम नव्हे, आणि विचारलेले नसताना तिने काही शोधले नाही म्हणून तिला दोष देणेही योग्य नाही.

उदाहरणार्थ, ‘कपड्यांवर रक्त आहे काय, ते मानवी आहे काय, असल्यास गट कोणता’ एवढेच विचारले असेल, तर उत्तरही तेवढेच येईल. समजा, कोयत्यावर मानवी रक्त, गट ‘बी’, असे उत्तर आले. आता मृताच्या रक्ताच्या नमुन्याचा अहवाल पाहावा. त्याचा गट निश्चित करता आला नसेल, तर कोयत्यावरचा ‘बी’ कशाशी जुळवणार? मृताचाही ‘बी’ निघाला, तरी आरोपीचा गट कोणता हे तपासावे, कारण दोघांचा गट एकच असेल आणि आरोपीच्या हाताला जखम असेल तर ते रक्त त्याचे स्वतःचेही असू शकते. ‘बी’ गट भारतात सर्रास आढळतो, त्यामुळे गट जुळणे ही फार दुबळी ओळख आहे. गट न जुळणे मात्र भक्कम असते. अशा वेळी डीएनए तपासणी का मागितली नाही, हा प्रश्न तपासी अंमलदाराला विचारायचा असतो, रासायनिक विश्लेषकाला नव्हे.

व्हिसेरा : विष आढळले, पुढे काय?

शवविच्छेदन अहवालात मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा रासायनिक विश्लेषणासाठी ठेवला’ असा शेरा दिसला, की कुटुंबाची दीर्घ प्रतीक्षा सुरू होते. या काळात काय घडत असते ते समजून घ्यावे. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातील अवयव : डॉक्टर जठर व त्यातील द्रव्य, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृत, मूत्रपिंड आणि रक्त यांचे नमुने वेगवेगळ्या बरण्यांत काढून ठेवतात. अवयव सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवले जातात आणि वापरलेल्या द्रावणाचाही एक नमुना सोबत पाठवावा लागतो, म्हणजे आढळलेले द्रव्य बाहेरून आले नाही याची खात्री पटते. विषतपासणीचे नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवत नाहीत. मद्य घेतले होते का हा प्रश्न असेल तर नमुना स्पिरिटमध्ये ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि रक्तात सोडियम फ्लोराइड घातलेले असावे लागते, कारण मृतदेह कुजू लागल्यावर जिवाणूंमुळे शरीरातच थोडे मद्य तयार होऊ शकते. हे तपशील शवविच्छेदन अहवालात किंवा डॉक्टरांच्या पत्रात असतात. नसतील, तर डॉक्टरांना साक्षीत विचारावेत.

‘विष आढळले नाही’ असा अहवाल आला म्हणजे विषबाधा झालीच नाही, असे मानू नये. रुग्ण काही दिवस रुग्णालयात जगला असेल, उलट्या झाल्या असतील, जठर धुतले गेले असेल, विषाचे शरीरात विघटन झाले असेल किंवा नमुना कुजला असेल, तर विष हाती न लागणे शक्य असते. म्हणून रुग्ण दाखल झाला तेव्हाचे रुग्णालयाचे केसपेपर मिळवावेत. बाहुल्या आकुंचन पावल्या होत्या का, तोंडाला फेस होता का, ॲट्रोपीन हे उताऱ्याचे औषध दिले होते का, जठर धुतलेले पाणी राखून ठेवले होते का, या नोंदी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत फार मोलाच्या ठरतात आणि शेतीप्रधान जिल्ह्यांत अशी प्रकरणे नेहमीच येतात. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर तो शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून मृत्यूच्या कारणाबद्दल त्यांचे अंतिम मत लेखी घ्यायचे असते. ही पायरी राहून गेली असेल, तर तपासी अंमलदाराकडे आणि सरकारी वकिलांकडे लेखी पाठपुरावा करावा.

आणि विष आढळले तर? याचे उत्तर पुण्यात घडलेल्या एका प्रकरणात आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. १९८२ च्या जूनमध्ये एका नवविवाहितेचा मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो खून की आत्महत्या याचा. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे आजही प्रत्येक सत्र न्यायालयात उद्‌धृत होतात, ती याच निकालात मांडली आहेत. विषप्रयोगाच्या खटल्यासाठी त्याच निकालाने चार गोष्टी शोधायला सांगितल्या : आरोपीला विष देण्यामागे स्पष्ट हेतू होता, मृत्यू त्याच विषाने झाला, ते विष आरोपीच्या ताब्यात होते, आणि ते देण्याची त्याला संधी होती. यांपैकी प्रयोगशाळा फक्त दुसऱ्या मुद्द्याला हात घालू शकते. आपल्या प्रकरणात व्हिसेरा अहवाल ‘चांगला’ आला म्हणून निर्धास्त झालेल्या फिर्यादीने बाकीच्या तीन मुद्द्यांचा पुरावा कोठे आहे, कीटकनाशकाचा डबा कोणाच्या घरातून आणि कोणत्या पंचनाम्याने जप्त झाला, विक्रेत्याचा जबाब घेतला आहे का, हे आवर्जून पाहावे.

डीएनए : जुळला म्हणजे काय जुळले?

डीएनए अहवालाचा दरारा मोठा आहे आणि त्या विज्ञानाची ताकदही खरी आहे. निर्दोष माणसाला सोडविण्यात तर त्याच्याइतके प्रभावी साधन दुसरे नाही. नेमक्या याच कारणासाठी त्याची चिकित्सा अधिक काटेकोरपणे व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अनिल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात डीएनए पद्धतीची विश्वासार्हता मान्य करतानाच, ती विश्वासार्हता प्रयोगशाळेतील गुणवत्ता नियंत्रणावर आणि कार्यपद्धतीवर अवलंबून असते असेही म्हटले. पुढील काळात याच मुद्द्यावर काही फाशीच्या शिक्षा रद्द झाल्या. दिल्लीतील २०१२ सालच्या एका अत्यंत क्रूर प्रकरणात नमुने सुमारे दोन आठवडे पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी डीएनए अहवालामागचा आधार तपासलाच नव्हता, हे २०२२ च्या निकालात नोंदवले गेले. महाराष्ट्रातल्या प्रकाश निषाद खटल्यात २०२३ मध्ये नमुने पाठविण्यास झालेल्या विलंबाचा खुलासा न झाल्यामुळे डीएनएचा पुरावा टिकला नाही. या निकालांनंतर लोकांचा संताप होतो, आणि मुलगी गमावलेल्या आईवडिलांचे दुःख पाहता तो समजण्यासारखाही आहे; पण त्या दुःखाला न्याय मिळण्याची वाट एका साध्या पाकिटावरच्या तारखेतून जाते, हे तपासाच्या पहिल्याच आठवड्यात सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये कट्टावेल्लई विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. नमुना घेताना गुन्हा क्रमांक, कलम, पोलीस ठाणे, तपासी अंमलदार यांची नोंद व्हावी आणि डॉक्टर, तपासी अंमलदार व स्वतंत्र साक्षीदार यांच्या सह्या असाव्यात. नमुना अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचवावा आणि उशीर झाल्यास त्याचे कारण लिहून ठेवावे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय साठवणीतील पाकीट उघडू नये. आणि नमुन्याच्या ताब्याची साखळी दाखविणारी नोंदवही शेवटपर्यंत ठेवून ती खटल्याच्या कागदांना जोडावी. पीडितेच्या कुटुंबाने किंवा त्यांच्या वकिलाने नमुने घेतल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच या निर्देशांचा हवाला देऊन तपासी अंमलदाराला पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. हे पत्र म्हणजे तपासावर अविश्वास नव्हे. अंमलदारालाही वरिष्ठांकडे वाहन आणि मनुष्यबळ मागताना त्याचा उपयोग होतो.

अहवाल हाती आल्यावर ‘जुळतो’ या शब्दाच्या मागचा तक्ता मागावा. कोणकोणत्या जनुकीय स्थानांवर तुलना केली, किती स्थानांवर निकाल मिळाला, कोणती स्थाने रिकामी राहिली, नमुना एकाच व्यक्तीचा होता की दोघा-तिघांचे मिश्रण होते, आणि योगायोगाने एखाद्या परक्या व्यक्तीशी जुळण्याची शक्यता किती काढली, हे त्यातून कळते. केवळ वाय गुणसूत्रावरील तपासणी झाली असेल, तर एकाच पितृवंशातील आजोबा, वडील, काका, भाऊ या सर्वांचा निकाल सारखाच येतो. आरोप घरातल्याच पुरुषांपैकी एकावर असेल तेव्हा ही मर्यादा निर्णायक ठरते. तसेच, जुळलेला डीएनए त्या वस्तूवर केव्हा आणि कसा आला, हे अहवाल सांगत नाही. स्वतःच्या घरातल्या चादरीवर स्वतःचा डीएनए मिळणे स्वाभाविक आहे. परक्या गोठ्यात सापडलेल्या ओढणीवर तो मिळाला तर मात्र आरोपीकडे खुलासा मागता येतो.

शस्त्रे, ठसे, हस्ताक्षर

गोळी विशिष्ट पिस्तुलातूनच सुटली का, हे त्याच पिस्तुलातून प्रयोगशाळेत चाचणीदाखल गोळी झाडून आणि दोन्हींवरील ओरखडे तुलना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवितात, म्हणून मूळ गोळी मृतदेहातून कोणी काढली आणि तिला कोणती खूण दिली हे शवविच्छेदन अहवालात पाहावे. हातावरील बारुदाचे कण हात धुतल्याने आणि वापरल्याने काही तासांत निघून जातात, त्यामुळे चार दिवसांनी अटक झालेल्या आरोपीच्या हातावर ते न मिळाल्याने त्याच्या बाजूने फारसे काही सिद्ध होत नाही. हस्ताक्षराबाबत न्यायालये पूर्वीपासून सावध आहेत. मुरारीलाल खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाच्या मताला दुजोरा हवाच असा नियम नसल्याचे सांगितले, पण मत कोणत्या कारणांवर उभे आहे हे बारकाईने पाहण्यासही सांगितले. तुलनेसाठी दिलेले नमुने वादग्रस्त लिखाणाच्या काळातले आणि निर्विवाद आहेत ना, एवढे आधी पाहावे.

मोबाइल, सीसीटीव्ही आणि प्रमाणपत्र

मोबाइलमधील संदेश किंवा सीसीटीव्हीतील दृश्ये पेन ड्राइव्हवर घेऊन न्यायालयात दिली, की काम झाले असा समज अजूनही आहे. त्या प्रतीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होते, आणि त्याचा सविस्तर उलगडा जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीच्या वादातून झाला. नामनिर्देशनपत्रे वेळेनंतर स्वीकारली गेली का, हे दाखविण्यासाठी निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण पुराव्यात आणले होते, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन न्यायाधीशांच्या पीठातर्फे स्पष्ट केले, की मूळ उपकरणच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र संबंधित व्यक्ती ते देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून मागविता येते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की सोसायटीच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण घेतानाच प्रमाणपत्राची मागणी लेखी करावी, कारण जुने चित्रीकरण नव्या चित्रीकरणाखाली काही दिवसांतच पुसले जाते. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : पहिला उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळखीचा आकडा, लिहावे लागते. फाइलमध्ये एका अक्षराचाही बदल झाला तर हे मूल्य बदलते, म्हणून जप्तीच्या वेळचे आणि प्रयोगशाळेतील मूल्य सारखे आहे का, हे कोणत्याही तांत्रिक ज्ञानाशिवाय आपणही दोन कागद शेजारी ठेवून पाहू शकतो. दोषारोपपत्रात इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या ताब्याचा क्रम देणे संहितेच्या कलम १९३ प्रमाणे आता आवश्यक आहे. तो क्रम नसेल तर पहिल्याच तारखेला निदर्शनास आणावे.

आरोपीच्या शरीरातून घेतलेले नमुने

रक्त, बोटांचे ठसे, हस्ताक्षर किंवा आवाजाचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, ही भूमिका १९६१ च्या काथी कालू ओघड खटल्यापासून चालत आली आहे. नार्को चाचणी, लाय डिटेक्टर आणि मेंदूच्या लहरींची चाचणी यांचा प्रश्न वेगळा आहे : २०१० च्या सेल्वी निकालानुसार त्या संमतीशिवाय करता येत नाहीत. अटकेतील माणसाच्या कुटुंबाने हा फरक लक्षात ठेवावा आणि संमतीच्या कागदावर सही होण्यापूर्वी वकील उपलब्ध करून द्यावा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो.

न्यायालयात अहवाल कसा पोचतो आणि कसा तपासायचा

संहितेच्या कलम ३२९ मध्ये काही सरकारी तज्ज्ञांची यादी आहे. रासायनिक परीक्षक, राज्य प्रयोगशाळेचे संचालक, उपसंचालक व सहायक संचालक, अंगुलिमुद्रा केंद्राचे संचालक, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक हे त्यात आहेत. या अधिकाऱ्यांचा अहवाल ते स्वतः साक्षीस न येताही पुराव्यात वाचता येतो. म्हणून अहवालाखाली कोणाची सही आणि कोणता हुद्दा आहे हे प्रथम पाहावे. शवविच्छेदन करणारे डॉक्टर या यादीत नाहीत. विरुद्ध बाजूने कागद मान्य केला नाही तर त्यांची साक्ष घ्यावीच लागते. कलम ३३० प्रमाणे कागदपत्रे मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती मान्य की अमान्य हे सांगायचे असते, आणि तज्ज्ञाच्या अहवालावर कोणी वाद घातला नाही तर त्याला बोलावले जात नाही. येथे घाईने ‘मान्य’ असा शेरा देणारे वकील पुढे पस्तावतात. अहवालाचा खरेपणा मान्य करणे आणि त्यातील निष्कर्ष मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

अहवाल वादग्रस्त असेल तर तज्ज्ञाला समन्स काढण्याचा अर्ज करावा आणि सोबत त्याने तपासणीच्या वेळी केलेल्या टिपणांची, आलेखांची व तक्त्यांचीही मागणी करावी. कलिन्याहून दूरच्या तालुक्याला येण्यात वेळ जातो ही खरी अडचण आहे, पण आता साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेता येते. उलटतपासणीत तज्ज्ञाच्या प्रामाणिकपणावर हल्ला चढविणे बहुधा अयोग्य असते आणि निरुपयोगीही. कोणती पद्धत वापरली, नियंत्रण नमुना (ज्याचे उत्तर आधीच ठाऊक असते असा तुलनेचा नमुना) चालविला का, पाकीट कोणी उघडले, त्या दिवशी त्याच टेबलावर याच प्रकरणातील दुसरे कोणते नमुने होते, ही पद्धत कोणत्या परिस्थितीत चुकीचे उत्तर देऊ शकते, असे शांतपणे विचारावे. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल या १९९९ च्या निकालाने तज्ज्ञाचे कर्तव्यच असे सांगितले आहे, की निष्कर्षाची पारख करता येईल असे वैज्ञानिक निकष त्याने न्यायाधीशांपुढे ठेवावेत. निर्णय न्यायाधीशांनी द्यायचा असतो; तज्ज्ञ त्यांना त्यासाठी साहाय्य करतो.

अहवालच आला नसेल तर

दोषारोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांच्या मुदतीत दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून पोलीस बहुधा अहवालाची वाट न पाहता ते दाखल करतात आणि अहवाल मागाहून येतो. अशा वेळी प्रयोगशाळेच्या पोचपावतीवरील प्रकरण क्रमांक मिळवून तपासी अंमलदाराकडे लेखी चौकशी करावी. तपासाच्या प्रगतीची माहिती नव्वद दिवसांत पीडिताला देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तरीही हालचाल नसेल, तर ज्या न्यायालयात खटला प्रलंबित आहे तेथे प्रयोगशाळेला स्मरणपत्र पाठविण्याचा अर्ज करावा. न्यायालयाच्या सहीचे पत्र गेले की प्रकरण बहुधा पुढे सरकते.

शेवटी, मुद्देमालाच्या विल्हेवाटीबद्दल. निकालपत्राच्या अखेरच्या परिच्छेदात बहुतेक वेळा अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करण्याचा आदेश असतो. अपील करायचे असेल, किंवा उरलेल्या नमुन्याची पुन्हा तपासणी मागायची असेल, तर निकालाच्या दिवशीच त्याच न्यायालयात मुद्देमाल जतन करण्याचा अर्ज द्यावा, त्यात प्रत्येक वस्तूचा आर्टिकल क्रमांक आणि सी. ए. रिपोर्टचा क्रमांक लिहावा, आणि आदेशाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाकडे स्वतः नेऊन देऊन तिची पोच घ्यावी.